गोडाऊनमधून फरशी आणि किचनची कपाटं घेतली, आठ महिन्यांनी लिहितेय

आधीच सांगते, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये, कारण पुण्याच्या बायपासच्या कडेला असली गोडाऊनं भरपूर आहेत आणि मला वाटतं आमच्याऐवजी दुसऱ्यात गेलो असतो तरी साधारण हेच झालं असतं. पत्र्याचं शेड, आत फोर्कलिफ्ट फिरतेय, एका बाजूला टाइल्सचे ढीग, दुसऱ्या बाजूला किचनची रेडीमेड कपाटं, वॉश बेसिनं, दारं, आणि बाहेर मोठ्ठा बोर्ड 'फॅक्टरी रेट'. एवढंच वर्णन पुरे.

आमचं घर धायरीत, १९९८ ची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बिल्डरने तेव्हा बसवलेली एक बाय एक फुटाची सिरॅमिक फरशी, क्रीम कलर त्यावर तपकिरी ठिपके, ती पंचवीस-सव्वीस वर्षांत इतकी घासली गेली होती की दारातून किचनपर्यंत चक्क पायवाट दिसायची. सासूबाई दर दिवाळीला म्हणायच्या यंदा फरशी करूया आणि दर दिवाळीला दुसराच खर्च निघायचा. शेवटी ओट्याखालच्या ट्रॉलीचं चॅनल तुटून डब्यांसकट ट्रॉली खाली आली, अडीच किलो तूरडाळ घरभर, तेव्हा ठरलं की आता फरशी आणि किचन दोन्ही एकदमच उरकायचं.

आधी घराजवळच्या नेहमीच्या टाइल्सच्या दुकानात गेलो. चांगला माणूस आहे, चहा पाजला, दोन बाय चार फुटाची मॅट जीव्हीटी (ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाइल) दाखवली, रेट ७८ रुपये स्क्वेअर फूट, जीएसटी धरून, घरपोच, तिसऱ्या मजल्यापर्यंत हमाली पण त्यातच. नवऱ्याच्या ऑफिसमधला एकजण म्हणाला वेडे आहात का, गोडाऊनमध्ये जा, ५२ मध्ये तीच टाइल मिळते. आता ७८ आणि ५२ हे दोन आकडे एकदा कानावर पडले की माणूस दुसरं काही ऐकतच नाही, आम्ही पण नाही ऐकलं, रविवारी सकाळी नाश्ता करून तिघं निघालो, सासूबाईंना मागे ठेवायची सोय नव्हतीच कारण फरशीवर सगळ्यात जास्त वेळ त्याच असतात, असं त्यांचंच म्हणणं.

तिथे गेल्यावर पहिली गोष्ट कळली की इथे आपल्याला कोणी काही दाखवत नाही. टाइल्स उभ्या लावलेल्या असतात, नंबर लिहिलेला असतो, तुम्ही फिरा, बघा, फोटो काढा, मग काउंटरवर जाऊन नंबर सांगा. एक पोरगा होता, वीस-बावीस वर्षांचा, तो एकाच वेळी चार गिऱ्हाइकं बघत होता आणि कानाला फोन. प्रत्येक टाइलला त्याचं एकच उत्तर, 'डायरेक्ट मोरबीचा माल आहे मॅडम.' अरे बाबा भारतातल्या बहुतेक टाइल्स मोरबीच्याच असतात, आमच्या हॉलमधलं अजंठाचं घड्याळ पण मोरबीचंच आहे, त्यात विशेष काय सांगतोस. त्याला विचारायचं ते वेगळंच असतं आणि ते मला तिसऱ्या फेरीला कळलं, की हा माल प्रीमियम आहे का स्टँडर्ड का कमर्शियल. एकाच फॅक्टरीतून एकाच डिझाइनच्या तीन प्रतीच्या टाइल्स निघतात, कडेला किंचित टवका, टिकलीएवढा डाग, साइजमध्ये बारीक फरक, थोडा बाक, असं काही असलं की ती खालच्या प्रतीत जाते. बॉक्सवर छापलेलं असतं, पण बारीक अक्षरात, आणि डिस्प्लेला जी टाइल उभी असते ती अर्थातच प्रीमियमची. ५२ चा रेट स्टँडर्डचा निघाला. प्रीमियम ६० ला होती. हे कोणी लपवलं नाही हां, विचारल्यावर लगेच सांगितलं, पण विचारल्यावर.

आम्ही तरी ५२ चीच घेतली, आणि त्याचा मला पस्तावा नाही, कारण बघून घेतली. आमच्या गवंडी मामांनी आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवलेलं, ताई दोन टाइली तोंडाला तोंड लावून बघा. म्हणजे दोन टाइल्स घ्यायच्या, वरची बाजू एकमेकींवर, आणि मधे फट किती दिसते ते बघायचं, हाताने दाबली की डुगडुगते का बघायचं. दोन बाय चारची टाइल लांब असते त्यामुळे थोडा बाक असतोच, पण किती ते महत्त्वाचं. पहिल्या डिझाइनची टाइल अशी ठेवली तर मधल्या फटीत नवऱ्याचं एटीएम कार्ड आरामात आत गेलं. ती बाद. दुसरीच्या फटीत कार्ड जाईना, ती घेतली. तो पोरगा फोन बाजूला ठेवून बघत बसलेला, म्हणाला मॅडम तुम्ही इंटिरियरवाल्या आहात का. नाही रे बाबा, मी एलआयसीची कामं करते.

चकचकीत घ्यायची का मॅट यावर घरात मात्र आठवडाभर वाद. नवऱ्याला हॉटेलसारखी चकचकीत पाहिजे होती. सासूबाई ७४ च्या, मागच्या वर्षी बाथरूमच्या दारात पाय घसरून मनगट दुखावलेलं, त्यामुळे मी अडून बसले, मॅटच. मग प्रश्न आला मॅटवर डाग बसतात का, तर आम्ही एक सुटी टाइल सँपल म्हणून घरी आणली (१०० रुपये डिपॉझिट, टाइल परत दिली की पैसे परत, हे बरं होतं) आणि त्यावर हळदीचं पाणी, चहा, तेलाचं लोणचं आणि मुलाचं मार्कर असं सगळं रात्रभर ठेवलं. सकाळी हळद आणि चहा ओल्या फडक्याने गेलं, लोणच्याचं तेल साबणाने गेलं, मार्करला सॅनिटायझर लागलं. मॅटमध्येही फार खरबरीत पृष्ठभागाची घेऊ नका, त्यात पोछ्याचे धागे अडकतात आणि मळ बसतो. हात फिरवून बघा, हाताला अंड्याच्या कवचासारखी लागली पाहिजे.

आता मुख्य घोळ. किती बॉक्स घ्यायचे.

आमची फरशी ५८० स्क्वेअर फूट. दोन बाय चारच्या एका बॉक्समध्ये दोन टाइल्स, साडेपंधरा फूट. काउंटरवरच्या माणसाने कॅल्क्युलेटर ठोकला, ५८० अधिक दहा टक्के वेस्टेज, ६३८, भागिले साडेपंधरा, ४२ बॉक्स. बिल फाडलं. आम्ही पण खूश, दहा टक्के धरलेत म्हणजे व्यवस्थित धरलेत. कोणाच्याच डोक्यात आलं नाही की बाबा स्कर्टिंग कुठाय. भिंतीच्या कडेने चार इंचाची पट्टी असते ना, ती पण याच टाइलची कापायची असते, आणि आमच्या घराचा सगळा घेर मिळून जवळजवळ दोनशे रनिंग फूट, म्हणजे आणखी पासष्ट-सदुसष्ट फूट माल. जवळचा टाइलवाला आधी मापं घ्यायला माणूस पाठवतो आणि तो माणूस स्कर्टिंग, खिडकीची पट्टी, बाथरूमचा उंबरा सगळं मोजून नेतो. गोडाऊनचा रेट ५२ आहे कारण त्यात तो माणूस नाहीये. हे मला तेव्हा समजलं नाही, नंतर टप्प्याटप्प्याने समजत गेलं.

टेम्पो आपला आपण. बाहेर छोटे हत्ती उभेच असतात. एका बॉक्सचं वजन पंचवीस-तीस किलोच्या घरात, ४२ बॉक्स म्हणजे टनाच्या वर, आणि छोटा हत्ती पाऊण टनाचा. ड्रायव्हर म्हणत होता एका खेपेत टाकतो, काही होत नाही, नवऱ्याने नाही म्हणलं ते बरं केलं, नवले पुलाच्या उतारावर असली जोखीम कोण घेणार. दोन खेपा, १८०० प्रमाणे ३६००. मग सोसायटीच्या गेटवर हमाल शोधा, तिसरा मजला म्हणल्यावर त्यांनी आधी बिल्डिंगकडे मान वर करून बघितलं आणि मग बॉक्सला ४० रुपये सांगितले. योग्यच होतं, माझ्याने एक बॉक्स जागचा हलला नव्हता. बॉक्स नेहमी उभे ठेवायचे, आडवे एकावर एक रचले की खालच्या तुटतात, हे हमालांना माहीत होतं पण गोडाऊनमधून टेम्पोत भरणाऱ्यांना घाई होती, त्यांनी दुसऱ्या खेपेत खालचे आठ-दहा बॉक्स आडवे टाकलेले. घरी उघडल्यावर पाच टाइल्स तडकलेल्या. फोन केला तर उत्तर, गेटच्या बाहेर माल गेला की आमची जबाबदारी संपली, बिलाच्या मागे लिहिलंय. होतं लिहिलेलं.

फरशी आम्ही जुनी काढली नाही, त्यावरच नवी लावली. तिसऱ्या मजल्यावरून राडारोडा उतरवायचा खर्च ऐकूनच हबकलो होतो. मामांनी आधी सगळीकडे काठीने ठोकून बघितलं, जिथे पोकळ आवाज आला तेवढ्या सात-आठ जुन्या फरश्या काढून सिमेंट भरलं, बाकीच्यांना टाकी मारून खरबरीत केलं आणि वर अ‍ॅडहेसिव्हने नवी. अ‍ॅडहेसिव्हच्या बॅगा पण आम्ही गोडाऊनमधूनच उचललेल्या, सगळ्यात स्वस्त होत्या त्या. मामांना वाचायला चष्मा लागतो, त्यांनी बॅग खिडकीपाशी नेली, वाचली, आणि म्हणाले, 'ताई, ही टाइप वन हाय. खाली जुनी फरशी हाय, ही धरत न्हाई, परत द्या.' बॅगवर आयएस १५४७७ (अ‍ॅडहेसिव्हचं भारतीय मानक) असं लिहिलेलं असतं आणि त्यापुढे टाइप, जुन्या गुळगुळीत फरशीवर नवी मोठी टाइल बसवायची तर वरचा टाइप लागतो, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. बॅगा फोडल्या नव्हत्या म्हणून गोडाऊनने बदलून दिल्या, फरक भरून. कटकट न करता दिल्या, तेवढं श्रेय देते. आणि हो, फरशीवर फरशी करणार असाल तर सगळी दारं खालून कापावी लागतात, सुताराचा एक दिवस धरून ठेवा, आमचं मेन डोअर सेफ्टी डोअरला अडकायला लागलं आणि दोन दिवस आम्ही पायाने ढकलून दार उघडत होतो.

मग जे व्हायचं तेच झालं. हॉल झाला, किचन झालं, एक बेडरूम झाली, दुसऱ्या बेडरूमच्या कोपऱ्यात आल्यावर माल संपला. पाच फुटलेल्या, बाकी कापाकापीत. स्कर्टिंगचं तर नावच नाही. परत गोडाऊन, तोच डिझाइन नंबर, सहा बॉक्स, परत टेम्पो १४००. घरी आणून मामांनी एक नवी टाइल जुनीच्या शेजारी ठेवली, दोन पावलं मागे गेले, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले 'लॉट निराळा हाय.' मला आधी काहीच दिसेना. मग ट्यूब बंद करून खिडकीच्या उजेडात बघितलं तर दिसलं, जुनी साय असते तशी, नवी किंचित राखाडी. बॉक्सच्या बाजूला बॅच नंबर आणि शेड नंबर छापलेला असतो, तो काढून बघितला तर खरंच वेगळा. भट्टीतून प्रत्येक वेळी रंग तंतोतंत तोच येत नाही, त्यासाठीच तो नंबर असतो. गोडाऊनवाला म्हणाला जुना लॉट संपला मॅडम, आता येणार नाही.

मी रडायच्या बेतात होते. मामांनी विडी पेटवली, गॅलरीत जाऊन ओढली, परत आले आणि म्हणाले स्कर्टिंगला नवा लॉट मारू, उभ्या टाइलीवर उजेड निराळा पडतो, कुणाच्या बापाला कळणार न्हाई. आणि बेडरूमचा जो कोपरा राहिलाय तिथे तसंही कपाट येणार, तिथे खाली नवा लॉट. अगदी तसंच केलं. आठ महिने झाले, एवढे पाहुणे येऊन गेले, एकालाही कळलेलं नाही, माझी नणंद जिला भिंतीवरचा खिळा वाकडा असला तरी दिसतो तिला पण नाही.

आता हिशोब. एकूण ४८ बॉक्स, ७४४ फूट. गोडाऊनचा ५२ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६१ रुपये ३६ पैसे पडले. ७८ शी तुलना केली तर फुटामागे साडेसोळा वाचले, साधारण १२,४०० रुपये. त्यातून टेम्पो ५०००, हमाली १९२०, फुटलेल्या टाइल्स २४०० च्या आसपास. वाचले तीन हजार. तीन हजारांसाठी तीन रविवार आणि नवऱ्याशी दोन भांडणं. ग्राउंड फ्लोअरला राहत असाल, किंवा नवं घर आहे आणि हजार-दीड हजार फूट माल लागणार आहे, तर गणित वेगळं होईल, तेव्हा जा. आमच्यासारख्या टू बीएचकेला फार काही पदरात पडत नाही.

कपाटांची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे मी जरा शहाणी होऊन गेले.

गोडाऊनच्या दुसऱ्या बाजूला किचनचे सेट मांडलेले असतात, दिवे बिवे लावून, शटर म्हणजे कपाटांची दारं हळू बंद होतात, माणूस भुलतोच. तिथला सेल्समन सूटबुटातला, 'पूर्ण वॉटरप्रूफ' हे वाक्य त्याने मोजून पाच वेळा म्हणलं. मी म्हणलं मला याचा एक तुकडा द्या. कशाला. दाखवायला. त्याने प्री-लॅम पार्टिकल बोर्डचा (लाकडाचा चुरा दाबून केलेला, वर कागद चिकटवलेला) एक आणि एचडीएचएमआरचा (जास्त घट्ट, ओलावा सोसणारा बोर्ड) एक असे काडेपेटीपेक्षा थोडे मोठे दोन तुकडे दिले. तिसरा तुकडा मी आमच्या सुताराकडून घेतला, मरीन प्लायचा, त्याने भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या शीटचं उरलेलं टोक.

घरी येऊन जुनं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं काढलं, पाणी भरलं आणि तिन्ही तुकडे उकळत ठेवले. सासूबाई म्हणाल्या आता हेच वाढणार आहेस का रात्री. वीस मिनिटांत पार्टिकल बोर्डच्या कडा फुगायला लागल्या, पांढरा कागद सुटून वर आला, तासाभरात चिमट्याने धरायला गेले तर तुकडा उपम्यासारखा मोकळा झाला, खरंच, दाण्यादाण्याने पातेल्यात पसरला. एचडीएचएमआर टिकला, पण कंपासपेटीतल्या पट्टीने मोजला तर १७ मिलिमीटरचा जवळजवळ १९ झालेला, कडेला थोडा मऊ. प्लायने पाणी काळंकुट्ट केलं, घरभर शाळेच्या लॅबसारखा वास, पण चार तासांनी एक थर सुटला नव्हता. मरीन प्लायचं जे आयएस ७१० आहे त्यात ७२ तास उकळायची परीक्षा असते, आता एवढा गॅस कोण जाळणार, मी चार तासांवर समाधान मानलं. हे काही शास्त्रशुद्ध नाही, किचनमध्ये कोणी कपाट उकळत नाही हे मलाही कळतं, पण सिंकखाली जो पाइप वर्षातून दोनदा ठिबकतो तो हेच काम सावकाश करत असतो. आणि 'वॉटरप्रूफ' आणि 'मॉइश्चर रेझिस्टंट' यात किती अंतर आहे ते पातेल्यात दिसलं.

पुढच्या रविवारी जाऊन त्या सेल्समनला मी फोटो दाखवले. तो काहीच बोलला नाही, मग हळूच म्हणाला मॅडम सिंकखाली मी पण घरी प्लायच वापरलंय. त्या एका वाक्यासाठी मला तो माणूस आवडला.

दुसरी अडचण मापाची, आणि ही आपल्याकडच्या जुन्या घरांत हमखास येते. तिथली सगळी खालची कपाटं ४५०, ६००, ९०० मिलिमीटरच्या ठरलेल्या मापात, ती शेजारी शेजारी ठेवायची आणि वर ग्रॅनाइट टाकायचं अशी कल्पना. आपला ओटा तसा कुठे असतो? आपला ओटा कडप्प्याच्या उभ्या पायांवर, दोन कडप्प्यांच्या मधे गाळा, आणि तो गाळा गवंड्याच्या मनात आला तेवढा. आमचे तीन गाळे, २३ इंच, ३४ इंच आणि सिंकखालचा साडेएकोणतीस. ६०० एमएमचं कपाट २३ इंचाच्या गाळ्यात अर्ध्या इंचाहून जास्तीने अडतं. ओटा तोडणार असाल तरच ती खालची कपाटं घ्या, नाहीतर गाळ्याच्या मापाच्या ट्रॉल्या करून देणारा गल्लीतला माणूसच बरा.

म्हणून आम्ही गोडाऊनमधून फक्त वरची कपाटं घेतली, दोन दारांची ६०० रुंदीची चार युनिटं, एचडीएचएमआरची, ४२०० ला एक. वर पाणी येत नाही, वाफ येते, तेवढं ते सोसतं. दिसायला छान, कडेची पट्टी मशीनने चिकटवलेली एकदम साफ, आमचा सुतार हाताने एवढी साफ लावूच शकला नसता आणि हे तो स्वतः म्हणाला. फिटिंगला त्यांचा माणूस येतो, युनिटमागे ३०० वेगळे. तो आला, मापटेप लावली आणि म्हणाला भिंत गुण्यात (काटकोनात) नाहीये. नसणारच, १९९८ ची आहे. कोपऱ्यात अर्धा इंचाची फट राहिली, तिथे पट्टी मारली. गॅसच्या पाइपलाइनसाठी एका कपाटाची पाठ कापावी लागली, ती कापलेली कड त्याने तशीच उघडी सोडली, मी मागे लागून लागून तिथे सिलिकॉन भरून घेतलं. कापलेली प्रत्येक कड बंद करून घ्या, पाणी आणि वाफ तिथूनच शिरते.

आठ शटर, सोळा बिजागऱ्या पाहिजेत, पाकिटात निघाल्या चौदा. आणि आठातलं एक शटर वेगळ्याच पांढऱ्या रंगाचं. परत फोनाफोनी. 'कंपनीतून येईल' हे मी तेवीस दिवस ऐकलं. बिजागऱ्यांचं मी नंतर मनावर घेतलं नाही, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून दोन घेतल्या, ३५ एमएमची वाटी सगळ्यांची सारखीच असते, बसल्या. पण शटर? काउंटरवरचा माणूस बिलावरचा शिक्का दाखवायला लागला, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मग मी पण जरा आवाज चढवला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे, बिलात मुदत दिली असेल तर तेवढ्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत, आणि शिक्का मारला म्हणून ते बदलत नाही. माझे २३ झालेले. १९१५ वर फोन करू का, ती ग्राहक हेल्पलाइन आहे, असं म्हणलं आणि खुर्चीत बसून राहिले. दहा मिनिटांत आतून मॅनेजर आले, अहो ताई एवढं कशाला, बसा, चहा घ्या. तिसऱ्या दिवशी शटर आलं, योग्य रंगाचं, फिटिंगसकट. आधी मॅडम होते, १९१५ म्हणल्यावर ताई झाले.

ओट्याखालच्या ट्रॉल्या शेवटी धायरीतल्याच एकाकडून करून घेतल्या, फ्रेम आणि शटर मरीन प्लायचं, बास्केट स्टीलच्या. तो पण मला चुंबक लावून दाखवत होता, बघा ताई चिकटत नाही, ३०४ आहे. ३०४ म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टील, पण बाबा २०२ या स्वस्त प्रतीला पण चुंबक चिकटत नाही, चुंबकाने ३०४ सिद्ध होत नाही. शेवटी बिलावर '३०४' लिहून घेतलं आणि सही घेतली. सिंकखाली बास्केट ठेवलीच नाही, नुसतं शटर आणि आत मोकळं, ठिबकलं तर दिसेल तरी.

सध्याची परिस्थिती, एक पावसाळा होऊन गेलाय. फरशी उत्तम, एकही टाइल वाजत नाही, सासूबाई पळीच्या दांड्याने महिन्यातून एकदा ठोकून बघतात, मला वाटलं होतं थट्टेत करतात पण नाही, मनापासून करतात. सांधे इपॉक्सीने भरले होते ते किचनमध्ये अजून स्वच्छ, हॉलमध्ये पैसे वाचवायला साधं ग्राउट भरलं ते दाराशी काळवंडलंय. वरच्या कपाटांपैकी शेगडीच्या वरच्याचं सॉफ्ट क्लोज ढिलं पडलंय, दणकन आपटतं, बाकी तीन ठीक. मॅट फरशी ओली असली तरी पाय सरकत नाही, नवऱ्याने हॉटेलचा विषय सोडून दिलाय.

नव्या लॉटच्या तीन टाइल्स उरल्या, त्या माळ्यावर ठेवल्यात, पुढे एखादी फुटली तर. जुन्या लॉटची फक्त एक उरलीय, कोपरा उडालेली, ती सासूबाईंनी गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली टाकलीय, आणि खरं सांगू का, उन्हात तिचा रंग घरातल्यापेक्षा छान दिसतो.